एकशे सत्ताविसावी धाव

१ जानेवारी. सकाळी ६.१०
संकल्प: या मोसमात क्लबचा वैयक्तिक विक्रम मोडणे. विक्रम १२६. चाळीस षटकांच्या सामन्यात एकोणीस वर्षांपूर्वी मेहुण्यानं केला आणि तेव्हापासून दर जेवणात आम्हाला वाढतो. पॅव्हेलियनमधल्या लाकडी पाटीवर त्याचं नाव आहे. माझा सर्वोच्च स्कोअर ६१. म्हणजे जवळजवळ निम्मं काम झालेलंच आहे.
वय ४८. याला अनुभव म्हणतात.
पळायला जाणार होतो. बूट सापडला. एकच.

४ जानेवारी, रविवार
कॅप्टन बोलला. बँकेत आहे, माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. म्हणाला, काका, एवढा मोसम खेळा, मग नव्या लोकांना जागा द्यायची आहे. मी म्हटलं, विचार करतो. तो म्हणाला, विचार झालाय.
घरी सांगितलं नाही. सहा सामने उरलेत. सहा म्हणजे काही थोडे नाहीत. सव्वीस वर्षं रविवारी सकाळी मैदानावर गेलो. बाकीचे लोक रविवारी सकाळी काय करतात, मला खरंच माहीत नाही.

११ जानेवारी, रविवार
शून्य. खरं तर दोन. चेंडू पॅडला लागून गेला असं अंपायरला वाटलं. त्यानं गुडघा उचलून त्यावर हात मारला. लेग बाय. म्हणजे धावा टीमला, मला नाहीत. अंपायर रिटायर्ड पोस्टमन आहे. आयुष्यभर पत्ते वाचले, पण बॅट आणि पॅड ओळखता येत नाही.
स्कोअरबुक लेक लिहिते. स्कोअरबोर्ड मैदानाचा माळी लावतो. तो अंपायरकडे बघत नाही. धाव निघाली की समोर बॅट घेऊन जो असेल त्याच्या नावापुढे पत्र्याचे आकडे टांगून मोकळा. त्यानं माझे दोन लावले होते. लेकीला दाखवले. ती म्हणाली, बाबा, पुस्तकातलं खरं, बोर्डावरचं नाही, तुम्हीच शिकवलंत.
दहा वर्षांची होती तेव्हा शिकवलं. एवढी घाई करायला नको होती.

१९ जानेवारी
ऑफिस. आमचं खातं दुकानांतली वजनंमापं तपासतं. आज अकरा तराजू. किराणावाल्याचं किलोचं वजन चार ग्रॅम कमी भरलं. मी शिक्का मारायला नकार दिला. तो म्हणाला, साहेब, चार ग्रॅमनं कुणाचं काय जातंय. त्याला अर्धा तास फैलावर घेतलं.
आमच्या वजनांची पेटी उचलताना कंबर धरली. पेटी उचलणं हा व्यायामच. पळणं रद्द.

२५ जानेवारी, रविवार
११. ऊन डोळ्यांवर येत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
४. ऊन नव्हतं, त्यामुळे चेंडू नीट दिसला नाही.

९ फेब्रुवारी
चूक सापडली. वजन. आजपासून साखर बंद. शिवाय मांडीला बांधायचं पॅड ऑफिसच्या काट्यावर ठेवून पाहिलं. २८० ग्रॅम! ते यापुढे घरी राहील. एका दिवसात २८० ग्रॅम उतरवले, डॉक्टरला जमलं नसतं. त्या आनंदात चहात दोन चमचे साखर.

२२ फेब्रुवारी, रविवार
१९. रनआउट. समोरचा पळाला, मी अजून विचार करत होतो.
सामन्यानंतर पोस्टमनशी गुडघ्यांवर सविस्तर चर्चा. दोघांचाही उजवाच. माणूस चांगला आहे. निघताना दोघांनी एकमेकांकडे बघून आपापल्या गुडघ्याला हात लावला. आता हाच आमचा नमस्कार.

८ मार्च, रविवार
शून्य. लिहिण्यासारखं काही नाही.
बायकोला सांगून टाकलं की हा शेवटचा मोसम. ती म्हणाली, कॅप्टनच्या आईनं मला जानेवारीतच सांगितलं होतं. मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही कुठे बोललात.
दमलोय. बूट काढायलासुद्धा आता खुर्ची लागते.

१९ मार्च
रविवारी शेवटचा सामना. (पाचवा झाला. सहावा हाच.) मेहुण्याला मुद्दाम बोलावलं आहे. स्वतःचा विक्रम मोडताना माणसानं हजर असावं.
योजना: १२७ झाल्या की बॅट वर करायची आणि स्वतःहून निघून यायचं. मोठी माणसं अशीच थांबतात. आरशासमोर सराव केला. बॅट दिव्याला लागली. दिवा गेला.

२२ मार्च, रविवार. दुपारी ३.४०, पॅव्हेलियन
केलं! केलं! केलं!
घाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही. त्यांचे दोन्ही मुख्य गोलंदाज आले नव्हते. यष्टिरक्षकानं पॅड सोडून गोलंदाजी केली. माझे पाच झेल सुटले. दबाव, दुसरं काय. एका बाजूची बाउंड्री जवळ होती, मी सगळं तिकडेच मारलं. शंभर झाल्यावर लेकीनं पुस्तकातून मान वर केली. हसली. ते कधी विसरणार नाही.
बोर्डावर ११९ असताना एक चेंडू अंगावर उसळला. मी असा काही अलगद वळवला की कुणाला बॅट दिसलीही नाही. चार. पोस्टमननं गुडघ्याला हात लावला. अशा क्षणीसुद्धा त्याला आमचा नमस्कार आठवला! मीही लावला. पुढच्या षटकात आणखी चार. बोर्डावर १२७.
बॅट वर. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. दोन. कॅप्टन पॅव्हेलियनमधून खेळा, खेळा अशा खुणा करत होता, चार षटकं बाकी होती. मी अंपायरला सांगितलं, मी थांबतो. तो म्हणाला, पुन्हा येता येणार नाही हं. मी म्हटलं, यायचंच नाहीये. चालत आलो.
डावी मांडी फार ठणकतेय. भावनावेग असावा.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.२०
सामना जिंकलो. नंतर दोन्ही स्कोअरर आपापली पुस्तकं ताडून बघतात, तशी बघितली. दोन्हींत मी १२३. चार लेग बाय. टीमची बेरीज बरोबर होती म्हणून तोवर कुणाचं लक्ष गेलं नाही. बोर्ड माळ्यानं लावलेला.
लेकीनं हळूच विचारलं, बाबा, बॅटला लागला होता ना? मी म्हटलं, लागला होता. ती म्हणाली, मग उद्या अंपायरकाकांकडे जाऊ. ते बदल म्हणाले तर बदलते. तिनं शंका घेतली नाही. घ्यायला हवी होती.
मेहुणा पाठीवर हात ठेवून म्हणाला, होतं असं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चांगला वागला. तेच सहन होईना.

२३ मार्च. सकाळी ७
बायकोनं मांडी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. लेंगा वर केला. जांभळा गोल, आणि त्यावर चेंडूची शिवण. टाके मोजता येतील इतकी स्पष्ट. मांडीचं पॅड कपाटात.
तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. टॉवेल ओढला, पण उशीर झाला. चहा ठेवून गेली.

त्याच दिवशी. संध्याकाळी
ऑफिसात बारा वजनं तपासली, सगळी बरोबर भरली. ओरडायलासुद्धा कुणी मिळालं नाही.
लेक पोस्टमनकडे जायला चप्पल घालून तयार होती. तिला सांगितलं, जायला नको, मांडीला लागला होता. ती म्हणाली, माहितेय. मग म्हणाली, पण बाबा, १२३ हासुद्धा तुमचा सगळ्यात मोठाच आहे की. खरंच की. आधीच्याच्या बरोबर दुप्पट, वर एक. इतका वेळ लक्षातच आलं नव्हतं. बरं वाटलं. साधारण जेवण होईपर्यंत.

२९ मार्च, रविवार
सामना नाही. तरी सहाला जाग आली. लेकीला घेऊन मैदानावर गेलो.
पेंटर आला होता. मोसम संपला की पाटी रंगवतात. मेहुण्याचं नाव नव्या पांढऱ्या रंगात. पूर्वी इतकं उठून दिसत नव्हतं.
कॅप्टन म्हणाला, काका, माळ्याला आता झेपत नाही. पुढच्या मोसमात बोर्डावर जबाबदार माणूस हवा, अंपायरकडे बघणारा. मी म्हटलं, विचार करतो. तो म्हणाला, मग आजपासूनच बघा, गेल्या सामन्याचे आकडे अजून काढलेले नाहीत.
शिडीला पाच पायऱ्या. उजवा गुडघा तिसरीलाच बोलला. वर माझे १२७ तसेच लटकत होते. एक काढला. दोन काढला. सात खिळ्याला गच्च अडकला होता, जोर लावून उपटावा लागला. खालून लेकीनं शिडी धरली होती.