रोशनीच्या मार्कांचं सांत्वन

नंदनवन, नागपूर
२८ मार्च

आदरणीय सिंधूताई,

धाकट्या अंकुशचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर किती? (त्यांना विचारू नकोस, ते सोयीचा आकडा सांगतात.) आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू आधी रडतेस, मग रागावतेस आणि माझं बोलणं राहून जातं; कागद मधे तोंड घालत नाही.

तर तुझ्या भाचीचा, आपल्या रोशनीचा, एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेचा निकाल लागला. गेल्या वर्षी वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी करता करता दिली तेव्हा सत्तावीस मार्क होते. मग पोरीनं नोकरी सोडली, वर्षभर घरी बसून वाचलं, आणि यंदा चोवीस आले. ताई, आम्ही काय नाही केलं? कूलर खडखडतो म्हणून अख्खा मे महिना पेपरानं वारा घेत काढला. शिट्ट्या नकोत म्हणून तुझ्या भावजयीनं, मायानं, कुकर बंद करून पातेल्यात डाळ शिजवली (तिच्या मते शिजवली). एवढ्या शांततेत कोणीही नापास झालं असतं, असं माझं आता मत झालं आहे.

निकाल पाहून पोरीनं खोलीचं दार लावून घेतलं. ताट आत जायचं, तसंच बाहेर यायचं. आणि लोक भेटायला येऊ लागले, मयतीला बसायला येतात तसे. चपला आवाज न करता काढायच्या, खाली मान घालून सतरंजीवर बसायचं, चहा नको म्हणायचा. माझ्या ऑफिसातले मारोतराव तर पांढरा शर्ट घालून आले. कधी कळलं, किती वाजता, तेव्हा जवळ कोण होतं, सगळं विचारून घेतलं. (मी सांगितलंही. सकाळी दहाला. माया जवळ होती.) उठताना 'येतो' कोणी म्हणेना, मयताच्या घरी म्हणत नाहीत म्हणून; बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसं, पण अपशकुन मोडायची हिंमत नाही.

चौथ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या रंभाबाई आल्या. वय ऐंशी, ऐकू कमी. दारातल्या चपला अन् आतल्या माना पाहून त्यांना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांनी बसल्या बसल्या हंबरडा फोडला. पोरगी किती गुणाची होती, त्यांच्या अंगणातल्या चिंचा कशा चोरायची, आता मायानं कोणाच्या तोंडाकडे पाहायचं! मारोतरावांना (दुसऱ्यांदा आले होते) भरून आलं. खरं सांगतो, मलाही आलं. त्यांना थांबवायचं कोणाला सुचलंच नाही.

तेवढ्यात दार उघडलं. रोशनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हातारीपुढे बसली.

"मी आहो ना वं आजी. इथंच आहो."

रंभाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. "मंग काय झालं तुले?"

"मार्क कमी पडले."

"थे होय. मंग हे सारे मरून काहून राहिले?"

पोरगी चार दिवसांनी हसली. आमच्यात बसून जेवली, डाळीला नावंही ठेवली. आता बोलते-चालते. पण पुस्तकं सुतळीनं बांधून कपाटावर टाकली आहेत, आणि पुन्हा बसणार का, हे विचारायची आम्हा दोघांची टाप नाही. मी डोळ्यांनी विचारतो, ती डोळ्यांनीच विषय बदलते.

भाऊजींना जयभीम.

तुझा,
अंकुश

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. तू मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालीस, अर्धं उमरेड तुझ्या हातचा मार खाऊन शिकलं. पण दहावीच्या गणितात तू दोनदा आपटली होतीस, हे घराबाहेर जाणार नाही अशी शपथ बाबांनी आपल्या सगळ्यांना घातली होती. ती एकदाच मोडायची परवानगी दे. फक्त रोशनीपुरती. उलट टपाली कळव.

आणखी एक. उलट टपालाची घाई नको. आज जेवताना मी सांगून टाकलं. तिचा विश्वास बसेना, म्हणून मार्कही सांगितले: पहिल्यांदा अकरा, मग वर्षभर अभ्यास करून नऊ. तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, तिसऱ्यांदा बसायला आत्याला कोणी सांगितलं होतं? मी तेव्हा सात वर्षांचा होतो, मला काय ठाऊक! तर हे तुलाच विचारायला ती रविवारी सकाळच्या एसटीनं उमरेडला येते आहे. माझ्यावर काय रागवायचं ते खुशाल रागव; तिला मात्र खरं सांग.