समईवरचा क्रूस

शनिवार, संध्याकाळ

हाताला अजून चिंचेचा वास आहे, आणि डोकं तापलेलंच.

समई माझ्या आईची. टोकाला मोर नाही, क्रूस आहे. ख्रिस्ती धर्म आणि संस्कृतीचं केंद्र चालवणाऱ्या फादरांनी ती प्रदर्शनापुरती म्हणून नेली आणि कपाटातच ठेवून घेतली. आता नातीचं, रूथचं लग्न आलं. आमच्याकडे नवरी घरातून निघते ती ही समई लावूनच. म्हणून आज मागायला गेले.

फादर म्हणाले, "आजी, आपण मोठं मन करा. ही आता साऱ्या समाजाची ठेव."

"समाजाने कधी घासली का हो ती?"

फादरांशेजारी बसलेल्या केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "बरं झालं आलात! उद्या बिशप लावणार आहेत, जरा घासून द्या ना."

मला म्हणाल्या! माझीच समई!

दिली घासून. घासायची तर सगळे भाग पिळून सुटे करावेच लागतात. जोडताना क्रूस तेवढा माझ्या पिशवीत गेला. टोकाला झेंडूचं फूल खोचलं. मॅडम म्हणाल्या, "अय्या, किती सुंदर!" एवढं केंद्र चालवतात, पण क्रूस नाही हे दिसलं नाही.

ही चोरी का? आपलीच वस्तू, कसली चोरी.

क्रूस तांदळाच्या डब्यात ठेवलाय. उद्या बिशपांसमोर फूल गळेल, मग फादर धावत येतील. येऊ देत. दारातच सांगणार, संस्कृती तुमच्याकडे आहेच, तीच लावा. क्रूस हवा असेल तर समई घेऊन या.