उपटलेली गणेशवेल

प्रिय ऋजुता,

फोनवर हा विषय निघाला की तू लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतेस, म्हणून लिहायला बसले. परवा डोंबिवलीहून तुझ्या आईंचा फोन आला होता. विठ्ठलवाडीच्या सुदेशचं स्थळ सगळ्यांना पसंत आहे, तुलाही तो आवडलाय, तरी तू लग्नाला नाही म्हणालीस. का, तेही त्यांनी सांगितलं. त्याकडे येतेच, पण आधी वेलींचं सांगते. एरवी इथे आलीस की पहिली कुंड्यांपाशीच जातेस तू.

आपल्या अनिमेषने जमवलेलं बी अखेर पेरलं. तो गेल्यावर दोन पावसाळे ती डबी फडताळात तशीच पडून होती. यंदा का काढली ते विचारू नकोस, डाळींचे डबे पुसताना हाती आली म्हणून काढली. गोकर्णाचं बी टणक. तो एकेक बी पॉलिश पेपरवर जरासं घासायचा, मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचा, आणि मी हसायचे, अरे बी पेरतोयस की दागिना घडवतोयस! या वेळी बाबा घासत बसले. तुझ्या सासऱ्यांचा हात हल्ली थरथरतो, तरी एकही बी सांडलं नाही त्यांनी. आम्ही काही बोललो नाही. आताशा भांडणसुद्धा होत नाही गं. आमटी खारट झाली तरी मुकाट्याने जेवतात. पूर्वी या माणसाने घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या कुंडीत गणेशवेल टाकली होती. आठवड्याने त्यात दोन टोकांची, बारीक, गवतासारखी पानं वर आली. मला वाटलं तण माजलं, सगळं उपटून टाकलं. बाबा खुर्चीतून बघत होते. दुपारी शेजारच्या रमाबाई म्हणाल्या, अहो, गणेशवेलीची पहिली पानं अशीच असतात. बाबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? हो म्हणाले. मग बोलला का नाहीत, तर म्हणे, तू उपटत होतीस. त्याच्या हातचं गणेशवेलीचं बी संपलं. मला रडू यायला हवं होतं. मी हात धुतले आणि कुकर लावला. असंच चाललंय. काही दुखत नाही, त्याचीच भीती वाटते.

गोकर्ण मात्र चढली. बाबांनी बांधलेली सुतळी सोडून बाईसाहेब थेट रमाबाईंच्या ग्रिलवर गेल्या. यातून काही अर्थ काढू नकोस. वेल आहे, हाताशी येईल ते धरते. निळी फुलं आता रमाबाईंच्या देवाला जातात.

आता मुद्द्याचं. तुझ्या आई फोनवर म्हणाल्या, "ती म्हणते, बाळकुमला आईबाबांना माझ्याशिवाय कोण आहे?" खरं सांगते, हे ऐकूनही मला काही वाटलं नाही. जसंच्या तसं बाबांना सांगितलं. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, तिला वडील नाहीत, कन्यादानाला कोण बसणार? मी म्हटलं, आपल्यात जोडपं लागतं, तिची आई एकटी, काका-काकूंना बोलावतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"आपण बसू," म्हणाले.

आणि मग, ऋजुता, हा माणूस रडला. मुलाला पोचवून आला तेव्हा रडला नव्हता. मग मीही रडले. चहा तसाच राहिला.

तेव्हा सुदेशला हो कळव. सासू-सासऱ्यांसाठी तू थांबायचं काही कारण नाही, आम्ही आता मुलीकडचे. पहिला दिवाळसण माहेरी असतो. डोंबिवलीला आईंकडे भाऊबीजेला जा, पण पहिल्या अंघोळीला जावयांना घेऊन बाळकुमलाच यायचं. "पाणी तापवायला पहाटे मीच उठणार," असं बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

तुझीच,
आई