एकोणीस दात्यांचा आकडा

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या कारखान्याचं नवं पुस्तक माझ्या सायकल दुकानात पोचलं. गिअरच्या तक्त्याखाली तुझं नाव बघून आधी छाती फुगली. मग आकडे वाचले.

अरे, ही तर माझी वही! तू शिकावंस म्हणून मी शाळा सोडली, आणि तू टाकून दिलेल्या लॉगच्या कोष्टकावरून हे शिकलो. पुढच्या चक्राच्या दात्यांचा लॉग, त्यातून मागच्या चक्राचा वजा. उत्तर सारखं आलं की गिअर सारखे. बावन्न-एकवीस आणि बेचाळीस-सतरा जवळजवळ एकच, उगाच दोन म्हणून विकता. मागच्या उन्हाळ्यात वही सहज चाळायला म्हणून नेलीस ना?

नाही म्हणू नकोस. एकोणीसचा लॉग १.२७८८. मी घाईत १.२८७८ लिहिला होता, तू तोच छापलास. नक्कल करायलाही अक्कल लागते, गड्या.

पुढच्या आवृत्तीत एक ओळ घाल, तक्ता कुणाचा ते. तुझ्या वहिनीने माझं नाव छापलेलं कधी पाहिलं नाही. बाकी काही नको. गुडघा कसा आहे?

तुझा दादा

२१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. तू राईचा पर्वत करतोयस. दुकानातली तेलकट वही साहेबांनी उघडली तरी असती का? माझ्यामुळे तुझं गणित छापलं गेलं.

त्या एकोणीसने मात्र घात केला. मोठ्या साहेबांनी भर सभेत जाब विचारला. बढती तोंडाशी आलेली, मी काय करणार? आकडा तुझा होता, तुझा म्हणून सांगितला. नव्या आवृत्तीत तुझं नाव येतंय. रागावू नये. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

९ मार्च

धाकट्यास,

पुस्तक आलं. तक्त्याखाली तूच आहेस. मी शेवटच्या पानावर, शुद्धिपत्रात: एकोणीसचा आकडा चुकवणारा म्हणून. बाकीचे सगळे बरोबर आकडे तुझे. लाज कशी वाटली नाही रे?

तुझ्या वहिनीला आमची नावं तेवढी वाचता येतात. माझं आलं का, म्हणून तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिने दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि पुस्तक घेऊन शेजारणीला दाखवायला गेली. शेजारीण शिकलेली आहे.

लोभ असावा, हे या खेपेस लिहीत नाही.

दादा