टाकीवरची अज्ञात वस्तू

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण, काल संध्याकाळी आमच्या कॉलनीत उडती तबकडी दिसली. म्हणजे लोकांना दिसली. आणि कॉलनीत मानसशास्त्र शिकवणारा माणूस एकच आहे, तो मी. माणसाला जे दिसतं ते डोळ्यांपेक्षा डोक्यातून जास्त येतं, हे अठ्ठावीस वर्षं कॉलेजात पोरांना सांगतोय. पोरांनी कधी ऐकलं नाही. आता कॉलनी ऐकेल.

पहिल्या साक्षीदार समोरच्या इमारतीतल्या टेलरबाई. सात वाजता शिवणयंत्रावरून मान वर केली तर आमच्या गच्चीवर पांढरा उजेड. वर चढला, थांबला, विझला. मग त्याच जागी एक लाल ठिपका. तो म्हणे श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता. दहा मिनिटांनी पुन्हा पांढरा उजेड, तो खाली उतरला आणि गायब.

निदान जागच्या जागी केलं. दिवसभर सुईच्या टोकाकडे बघून डोळे शिणलेले, नवरा परगावी नोकरीला. थकवा अधिक एकटेपणा. केस बंद.

दुसरा संकल्प: सिगारेट पूर्ण बंद. तशी ती बंदच आहे. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हाच बायकोचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. दिवसाला एक, तीही संध्याकाळी, तीही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसून, याला ओढणं म्हणत नाहीत. ही सोडण्याची प्रक्रिया आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा साक्षीदार समोरचा दातांचा डॉक्टर. काल दुर्बीण घेऊन बसला होता. वस्तू त्रिकोणी आहे म्हणतो. परवा गोल होती. एका दिवसात अफवेला कोपरे फुटले.

कारण उघड आहे. टेलरबाईंना दिसतं आणि आपल्याला, डॉक्टर असून, दिसू नये, हे त्याला सहन झालं नाही. याला सामाजिक दबाव म्हणतात. शिवाय हा मनुष्य बोलताना माझ्या दातांकडे फार बघतो. आज विचारत होता, अलीकडे डाग वाढलेत का. मी चहाचे म्हटलं. त्यावर नुसता हं म्हणाला. नजर ठेवायला हवी.

६ नोव्हेंबर, बुधवार. रात्रीच्या जेवणाआधी.

सेक्रेटरींना भेटून व्याख्यान पक्कं केलं. रविवार २४, संध्याकाळी साडेपाच, कॉलनीचा हॉल. विषय: ‘आकाशात तबकड्या का दिसतात? मानसिक आणि सामाजिक कारणे’. सेक्रेटरी म्हणाले, तासाभरात आटपा, नंतर टेबल टेनिस आहे. मी अपमान गिळला. विभागप्रमुखपद दोनदा हुकलेल्या माणसाला गिळायची सवय असते. पण हे व्याख्यान रंगलं तर प्राचार्यांच्या कानावर जाईलच. त्यांची मेहुणी आमच्याच कॉलनीत आहे.

साक्षीदारांसाठी बारा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. आकार, रंग, गती, आवाज वगैरे. शेवटचा प्रश्न खास माझा: वस्तू पुन्हा दिसावी असं वाटतं का? यात माणूस बरोबर सापडतो. ज्याला दिसावंसं वाटतं, त्याला दिसतं.

सात वाजता टाकीवर गेलो. आता हे जाणं निरीक्षणासाठी आहे, सिगारेट आनुषंगिक. लोखंडी शिडीला अठरा पायऱ्या, दोन्ही हात लागतात, म्हणून कपाळावर बांधायचा टॉर्च वापरतो. तो ट्रेकिंगसाठी घेतला होता. ट्रेक व्हायचा आहे. वर बसल्यावर टॉर्च बंद करतो, उगाच कोणाचं लक्ष जायला नको.

सात ते सात-दहा संपूर्ण आकाश तपासलं. काही नाही. खाली आल्यावर कळलं, त्याच दहा मिनिटांत आणखी चौघांना दिसली. मी त्याच जागी, त्याच वेळी हजर होतो आणि मला काही दिसलं नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

९ नोव्हेंबर, शनिवार

साक्षीदार नऊ.

वॉचमनची जबानी घेतली. त्याला वस्तूचा घरघर आवाज येतो. पाण्याच्या पंपाची मोटर, हे मी त्याला समजावलं. त्याला पटलं. मग म्हणाला, साहेब, मोटर ठीक, पण खोकला कोणाचा?

उजेड खोकतो! स्मृतीत मागाहून भर कशी पडते, याचं इतकं सुंदर उदाहरण पाठ्यपुस्तकातसुद्धा नाही. व्याख्यानात घेणार.

११ नोव्हेंबर, सोमवार

एका माणसाबद्दल मी निर्धास्त होतो: बायको. विमा कंपनीत दावे तपासते. पंचवीस वर्षं लोकांची खोटी बिलं, खोटे अपघात, जिवंत मेलेले पकडते. तिला तबकडी दिसणं अशक्य.

आज संध्याकाळी पावणेसातला म्हणाली, टेलरबाईंकडे जाऊन येते, पडद्यांचं माप द्यायचंय. आम्हाला खिडक्या तीन. माप द्यायला सव्वा तास लागला.

संशयास्पद.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सलग चौथ्या दिवशी पडदे. आज टाकीवरून नीट पाहिलं. टेलरबाईंच्या बाल्कनीत तिघीजणी उभ्या, मध्ये आमची. तिने हात करून माझ्या दिशेला काहीतरी दाखवलं. म्हणजे माझ्या मागच्या आकाशात. मी झटकन वळून पाहिलं. काहीही नव्हतं.

वाईट वाटलं. शिकलेली, कमावती बाई, आणि समूहाच्या सूचनेला बळी पडली. दोष थोडा माझाही आहे. घरात लक्ष कमी पडलं की माणूस आकाशात शोधतो. रविवारी तिला बाहेर फिरायला न्यायचं. नक्की.

जेवताना तिने विचारलं, तुम्हाला वर खरंच काही दिसत नाही का? मी म्हटलं, वर कुठे, मी खाली फेऱ्या मारत असतो.  मग तिने विचारलं, लोकांना दिसतं ते खोटं? मी म्हटलं, शंभर टक्के भ्रम, माझा शब्द. ती ताट घेऊन उठली. नंतर झोपेपर्यंत बोलली नाही. श्रद्धेला धक्का बसला की असं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

फिरायला नेणं जमलं नाही. स्लाइड्स करायच्या होत्या.

प्रश्नावल्या वाटल्या. सोळा भरून आल्या. बायकोनेही एक मागून घेतली, पण विचार करून भरीन म्हणाली. विम्यातली सवय.

परगावाहून लेकीचा फोन. बाबा, जिना चढताना दम लागतो का? मी म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाली, सहज. सहज कोणी काही विचारत नसतं. घरातून बातम्या फुटताहेत.

कामाचा ताण असल्यामुळे आज दोन वेळा वर गेलो. सातला आणि पावणेआठला. लोकांना वस्तूही आज दोनदा दिसली. सातला आणि पावणेआठला! मी दोन्ही वेळा जागेवर, आणि दोन्ही वेळा मला शून्य. याला आता योगायोग म्हणता येत नाही. नियमच दिसतो: जिथे प्रशिक्षित निरीक्षक असतो तिथे वस्तू नसते.

२० नोव्हेंबर, बुधवार

सर्दी. अंगात कसकस. दोन दिवस वर गेलो नाही.

दोन दिवस कोणालाही काही दिसलेलं नाही. सोमवारी मी जिन्यात ‘भ्रमापासून सावध’ असं पत्रक चिकटवलं होतं, त्याचा परिणाम. इतक्या लवकर अपेक्षित नव्हता. बायकोला दाखवलं तर म्हणाली, पत्रक छान आहे, तुम्ही आजारीच बरे. आजारी माणसाशी असं बोलतात?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बरा आहे. वर जाऊन आलो. वस्तू परत आली म्हणे. पत्रक मोठ्या अक्षरांत काढायला हवं.

२३ नोव्हेंबर, शनिवार. रात्री नऊ.

आजची शेवटची. उद्या व्याख्यान, मग कारणच उरणार नाही.

चौदाव्या पायरीवर डाव्या खांद्यात कळ आली. हात सुटेल असं वाटलं. शिडीला मिठी मारून उभा राहिलो, किती वेळ ते कळलं नाही. घाम. समोर टेलरबाईंच्या बाल्कनीत बायको एकटी होती. दोन्ही हात कठड्यावर, इतकी वाकलेली की मलाच भीती वाटली. मग ती तिथून दिसेनाशी झाली.

कळ गेली. वर न जाता उतरलो. व्याख्यानाचं दडपण, दुसरं काय. मोठमोठ्या वक्त्यांना होतं.

घरात शिरतो तर मागोमाग ती. धावत आली असावी, चपला वेगवेगळ्या, एक तिची, एक टेलरबाईंची. विचारलं, बरं आहे ना? म्हटलं, उत्तम. दोन फेऱ्या जास्त मारल्या. तिने माझ्या शर्टाला चिकटलेला गंज झटकला आणि आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

दरम्यान वॉचमन सगळ्यांना सांगत सुटलाय, आज वस्तू अर्ध्यावर अडकली. यांच्या कल्पनाशक्तीला सीमा नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी आठ.

चहाबरोबर बायकोने प्रश्नावली दिली. घडी घालून, स्टेपल मारून. नातेवाइकांचा नमुना शास्त्रात धरत नाहीत, म्हणून न उघडता फाइलमध्ये सरकवली. पेपरमिंट घेतलं. इस्त्रीचा कोट. तयार.

२४ नोव्हेंबर. रात्री.

क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. प्राचार्यांची मेहुणी दुसऱ्या रांगेत. सुरुवात अप्रतिम. अंधारात एकटा ठिपका स्थिर असला तरी हलतोसा वाटतो, हे सांगितलं. एकाने पाहिलं की दहाजणांना कसं दिसतं, सांगितलं. आठवण सांगता सांगता कशी वाढते, सांगितलं. खोकणाऱ्या उजेडावर हशा मिळवला. लोक माना डोलवत होते. आयुष्यात प्रथमच माझ्या तासाला कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

मग दातांचा डॉक्टर उठला. सगळे फॉर्म पाहिलेत का, म्हणाला. मी म्हटलं, सोळाच्या सोळा. टेलरबाई म्हणाल्या, सतरा आहेत. बायको चौथ्या रांगेत. मला वाटलं, ही तर संधी आहे. घरच्या माणसालाही सोडत नाही, असा ठसा पडेल. म्हटलं, आता एक प्रातिनिधिक भ्रम ऐका. स्टेपल काढली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो.

आकार: साधारण साडेपाच फूट, मध्ये फुगीर.
रंग: कपाळाला पांढरा, तोंडाशी लाल.

हशा. मीही हसलो. कपाळ आणि तोंड, म्हटलं, बघा, मन निर्जीव गोष्टीलाही चेहरा देतं.

गती: मंद. अठरा पायऱ्या. काल चौदावीवर तीन मिनिटं थांबली.
आवाज: खोकला.
वास: आहे. नंतर पेपरमिंटचा.

हसणं वाढलं. इथे मी थांबायला हवं होतं. पण वाचण्याचा वेग असा होता की पुढचं तोंडातून निघून गेलं.

कुठून आली असावी: तिसरा मजला, डावीकडचं दार.
वस्तूपासून धोका वाटतो का: वस्तूला आहे.

 हसणं थांबलं तेव्हाच मला कळलं की मघाचं हसणं साक्षीदाराला नव्हतं. वॉचमन दारातून म्हणाला, साहेब, म्हणजे खोकला तुमचा? कोणी त्याला गप्प केलं.

बारावा प्रश्न राहिला होता. वस्तू पुन्हा दिसावी असं वाटतं का? त्याचं उत्तर मी मोठ्याने वाचलं नाही. इथे उतरवून ठेवतो: वस्तू नको. माणूस दिसत राहावा.

मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते, ती तेवढी हातातल्या रुमालाकडे. पंचवीस वर्षांत तिने कितीतरी दावे खोटे ठरवले असतील. टाकीवर मीच असतो, हा एक खोटा निघावा म्हणून रोज सव्वा तास दुसऱ्याच्या बाल्कनीत उभी राहिली होती. मला लाज वाटली. याला मानसशास्त्रीय संज्ञा असेल, आत्ता आठवत नाही.

सेक्रेटरी म्हणाले, टेबल टेनिसची वेळ झाली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तिच्याबरोबर डॉक्टरांकडे. ईसीजी काढला. ते मला बोलले, तिला काहीच बोलले नाहीत. औषध वाढवलं. शिडी बंद. एकसुद्धा नाही, असं तिच्यासमोर दोनदा वदवून घेतलं. टॉर्च वॉचमनला देऊन टाकला.

१ डिसेंबर, रविवार

सात दिवस झाले. कॉलनीत कोणालाही काही दिसलेलं नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले, तुमच्या व्याख्यानामुळे प्रकार कायमचा थांबला. बहुधा चेष्टाच असावी. तरी मी लेखी मागितलं. प्राचार्यांना दाखवता येईल.

पडदे खरंच शिवून झालेत, ते आणायला दोघं टेलरबाईंकडे गेलो. सात वाजता तिने मला बाल्कनीत नेलं. समोर आमची गच्ची, टाकी, काळोख. इथून सगळं फार स्पष्ट दिसतं. शिडीची एकेक पायरीसुद्धा. तिने विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, काही नाही.

या वेळी तिला पटलं. आनंदाने तिने माझा हात धरला, आणि तसाच धरून दुसऱ्या हाताने माझे खिसे तपासले.

पेपरमिंटची एक गोळी निघाली. चौकशी चालू आहे.