पुढे केलेला तांब्या

आये,

तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. माझं छापून आलेलं मीच तुला वाचून दाखवायचो आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. आज ऐकायला तू नाहीस, म्हणूनच बहुधा हे लिहिता येतंय.

त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी मी नगरात, वेशीच्या आत, भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि तू ओढ्यापलीकडे आपल्या वस्तीत. मध्ये वीस मिनिटांची चाल. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदार म्हणून चिकटून मला सहा महिने झाले होते. खोली देताना घरमालकांनी विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले? कोणापैकी?" मी म्हणालो, "खर्ड्याकडचे. शेतकरी." आपलं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर', त्यावरून जात कळत नव्हती. त्याआधी चार ठिकाणी मी खरं सांगितलं होतं आणि चारही खोल्या 'कालच दिल्या' गेल्या होत्या. पाचव्या ठिकाणी खोटं बोललो. त्या खोट्याची मला आजही फारशी लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्यानंतरच्या एका दुपारची.

दर रविवारी मी तुझ्याकडे यायचो. आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून तुझ्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, तशाच हातांनी तू रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापायचीस, आणि ती मोडायची म्हणून सरकारला शिव्या द्यायचीस. अशाच एका रविवारी तू सांगितलंस की माझे चित्रकलेचे मास्तर वस्तीत येऊन गेले. शाळेच्या सभागृहात ते आख्खं शहर उभं करणार होते, लोकांनी आतून चालत जाऊन पाहायचं असं. वेशीच्या आतलंही आणि बाहेरचंही.

"आपलंच घर बांदनार हायेत, हाय तसं," तू म्हणालीस. "सारवायला मी जानार आन बसायला बी मीच. मास्तर म्हनले, चितारलेली बाई बोलत न्हाई, तुमीच बसा."

"कशाला जातेस आये? गावचे लोक बघायला येणार."

"मंग बघू दी की. का रं, लाज वाटती व्हय?" तू हसत होतीस.

"लाज कसली!"

"तुजा म्याट्रिकचा फोटू बी न्येते. घर म्हनल्यावर त्यो पायजेच."

तेव्हा मला बोलता आलं असतं. खोलीचं, घरमालकांचं, 'शेतकरी' म्हणालो त्याचं सगळं सांगता आलं असतं, आणि तू फोटो घरीच ठेवला असतास. मी भाकरी खात राहिलो.

बातमी करायला संपादकांनी मलाच पाठवलं. मी एकटा जाणार होतो. पण जिन्यात घरमालक भेटले. "प्रदर्शनाला निघालात? थांबा, टोपी घालतो. एकट्यानं काय बघायचं?" त्यांना नको म्हणायला कारण सुचलं नाही. आयुष्यभर ऐन वेळेला शब्द शोधून पोट भरलं, त्या दिवशी मात्र एकही सुचला नाही.

सभागृहाच्या दारातून आत गेलो की बाजारपेठ लागते. बांबूंवर गोणपाट ताणून त्यावर चुना मारलाय. दुकानांच्या पाट्या, कोरीव दारं, तुळशीवृंदावनं, सगळं खऱ्या मापाचं. घरमालक खूश होऊन दाखवतात, "हे बघा, हा आपला चौक!" मग गल्ली अरुंद होत जाते आणि वेस येते. मास्तरांनी ती मुद्दाम बुटकी केलीय. वाकल्याशिवाय कुणालाच पलीकडे जाता येत नाही. आम्ही वाकतो, आणि सरळ होतो तेव्हा चुन्याचा पांढरा रंग संपलेला असतो. पायाखाली शेणामातीची ओल. धूर. घरमालक नाकाला धोतराचा सोगा लावतात. "मास्तरांनी वाससुद्धा अस्सल आणलाय हो!" आणि ते माझ्याकडे पाहून हसतात, मीसुद्धा हसतो. आये, मी हसलो.

तिसरं दार आपलं. तू चुलीपाशी बसलेली आहेस. नवं लुगडं नाही, पण धुतलेलं. मला पाहून तुझा चेहरा उजळतो, तोंड उघडतं, आणि त्याच वेळी माझ्यामागून टोपी आत येते. तू तिच्याकडे पाहतेस, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. ते पाहणारी तू एकटीच. तू उठतेस, दोन पावलं मागं जातेस आणि भिंतीला पाठ लावून उभी राहतेस. तुझ्या खांद्यावरून चौकटीचा एक कोपरा दिसतोय. फोटो तिथे आहे, आणि तू त्याच्यापुढे.

घरमालक मडकी मोजल्यासारखी पाहत फिरतात. "बाई, तुम्ही खऱ्याच इथल्या? का नाटकातल्या?"

"खऱ्याच जी."

"घरी कोण कोण?"

"मी हाय की. आनिक कोन लागतंय?"

मग तू बाजूचा तांब्या उचलतेस. राखेनं घासून लखलखीत केलेला. आपल्या वस्तीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. तू पाणी घरून आणलं होतंस. जागची न हलता तू हात लांब करतेस, जाईल तितका लांब. "घ्या सायेब, पानी. उनाचं आलायसा."

साहेब मी. मला एक पाऊल पुढे यायचं होतं. हलता येत नव्हतं ते तुला, मला येत होतं.

"नको बाई," मी म्हणालो. "आत्ताच चहा झालाय."

घरमालक तर दाराकडे वळलेही होते. तांब्या थोडा वेळ तसाच राहिला, मग तू तो खाली ठेवलास, पाणी न सांडता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाई ताठ आहे हो. जागची हलली नाही." मी म्हणालो, "हो ना."

संध्याकाळी कचेरीत बातमी लिहिली. बरी लिहिली. बुटक्या वेशीवर चांगलं वाक्य जमलं होतं. पान लावताना टाइप जुळवणारा जुळारी ओरडला, "साहेब, दोन ओळी कमी पडतात. द्या कायतरी, पान अडलंय." मी उभ्याउभ्या लिहून दिलं: 'वेशीबाहेरच्या घरात प्रत्येक पाहुण्याला पाणी दिले जाते आणि आलेले सर्वजण ते आनंदाने पितात.' बरोबर दोन ओळी झाल्या.

रविवारी अंक घेऊन आलो. प्रदर्शन संपलं होतं, तरी भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा होता. तू म्हणालीस, "वाच की," आणि डोळे मिटलेस. शेवटच्या ओळींपाशी माझा आवाज बारीक झाला, पण मी वाचलं.

तू डोळे उघडले नाहीस. "समद्यांनी?"

"हो."

"बरं झालं मंग," तू म्हणालीस आणि तवा चुलीवर ठेवलास.

पुढच्या वर्षी मी ती खोली सोडली. आता काही लपवत नाही. उलट व्यासपीठावरून सांगतो, त्या प्रदर्शनाचंही सांगतो, माझ्या आईनं साऱ्या शहराला पाणी पाजलं म्हणतो, आणि टाळ्या पडतात. या धंद्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांची दुरुस्ती मी चौकटीत छापत आलो. त्या दोन ओळींची कधी छापली नाही. आता ते वर्तमानपत्रही बंद पडलंय, त्यामुळे दुरुस्ती इथेच करतो आणि कागद टेबलाच्या खणात ठेवतो.

ते पाणी सगळ्यांनी प्यायलं नाही. चहाही झाला नव्हता. सकाळपासून उन्हात हिंडलो होतो, आये, आणि मला तहान लागली होती.