हात लावू देणारा सरडा

कुओपिओ,
बुधवार, जेवणानंतर

ती. हिल्काताईस,

इल्मारीचा नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे, पण विनंती वगैरे काही नाही, तक्रार विशेष आहे. तुझा गुडघा कसा आहे? रोवानिएमीत बर्फ किती पडलाय? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डावा खांदा कालपासून वर जात नाही आणि उजवा हात कोपराखाली बधिर झालाय. दोन्हींचं कारण तू आहेस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तू माझ्याकडून काय काय करवून घेतलंस ते नीट वाच. चष्मा लावून वाच, मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तुला ठाऊक आहेच, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर हेल्मीने माझी गळांची पेटी पाण्यात उलटी केली आणि मी ओरडलो. (हळूच ओरडलो. माझा आवाजच तसा आहे. एकतीस वर्षं गाडी चालवायची परीक्षा घेतली; शेजारी बसून कुजबुजत राहिलो असतो तर निम्मं कुओपिओ खांबावर आदळलं असतं.) पोरगी पालथ्या होडीखाली जाऊन बसली, तासभर बाहेर येईना. तिची आई सायला त्याच संध्याकाळी तिला घेऊन गेली, ती गेलीच. दीड वर्ष नातीचं तोंड पाहिलं नाही. आणि मग एकदम सायलाचा फोन: स्कीच्या सुट्टीत इथून जाणार आहोत, मंगळवारी सहाला येऊ, दोन तास थांबू, हेल्मी घाबरली तर लगेच निघू. पोटची पोर, आणि दाताच्या डॉक्टरची वेळ सांगावी तसं सांगून मोकळी! तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं, पण अवदसा आठवली आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, पोरगी सरड्यांसाठी वेडी आहे, वह्याभर सरडेच काढते, केसाळ जनावर जवळ आलं की शिंकत सुटते. तेव्हा हात लावू देणारा एखादा सरडा आण, ती आपणहून जवळ येईल. हात लावू देणारा! जशी काही प्रत्येक सरड्याच्या गळ्यात पाटीच असते. तुला काय जातंय गं तिकडे बसून सांगायला?

आमच्या समोरच रस्त्यापलीकडे पाळीव जनावरांचं दुकान आहे. ते चालवते योन्ना नावाची पोरगी, दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदलेलं. तिने आधी एक ठिपक्यांची पाल दाखवली, म्हणे फार गरीब. मी हातोडी उचलतो तशी ती उचलली. पाल खाली पडली आणि शेपटी माझ्या मुठीत वळवळत राहिली. (शेपटी पुन्हा येते म्हणे. माझी अब्रू कुठून येणार?) सगळं दुकान बघत होतं. योन्नाने पाल काढून घेतली आणि मला म्हणाली, “आजोबा, कुठला सरडा हात लावू देतो ते राहू द्या. तुमचा हात कुठला सरडा लावून घेतो ते आधी बघू. शनिवारी तीनला या, परीक्षा घेते.” माझी परीक्षा! मी हजारो लोकांना नापास केलंय, ताई, आणि मी शनिवारी मुकाट्याने गेलो.

स्टुलावर बसवलं. हात टेबलावर, तळवा वर, बोट हलवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, जनावराच्या मागे हात न्यायचा नाही, त्याला येऊ द्यायचं. पहिला आला हिरवागार, त्याने शेपटीचा असा फटका मारला की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा बाहीतून आत शिरला आणि कॉलरमधून निघाला. (काढायला दोन गिऱ्हाइकं लागली.) तिसरा दाढीवाला सरडा, सुलो त्याचं नाव, मालक परदेशी गेला म्हणून दुकानात राहिलेला. तो आला, माझ्या हातावर पोट टेकलं आणि डोळे मिटून घेतले. योन्ना म्हणाली, पास! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काचपेटी, दिवा, रातकिड्यांचा डबा, सगळं घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी पेटीत हात घातला तर हा गळा फुगवून काळाठिक्कर! जबडा उघडा, अंगावर येतोय. मी जागेवरच ओरडलो, त्यावर तो आणखी काळा झाला. सोमवारीही तेच. योन्नाला फोन लावला, तर आधी आज्ञेप्रमाणे वागता का म्हणून माझीच उलटतपासणी. मग विचारते, शनिवारी दुकानात येण्याआधी काय करत होता? काय करणार, शनिवारी दोन ते तीन आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या सामायिक सॉनात वाफेत तापत बसायचा माझा तास असतो, बावीस वर्षं असतो. तिथून टोपी घालून तसाच आलो होतो. ती हसायलाच लागली. मेल्याने मला पसंत केलंच नव्हतं, ताई! माझी ऊब पसंत केली होती. या जातीला ऊब लागते, आणि एरवी माझे हात मेलेल्या माशासारखे गार. (सरड्यालाच सॉनात नेऊ का, असंही विचारलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.)

म्हणजे हा सरडा हात लावू देणारा, पण फक्त शनिवारी तीननंतर. आणि पोरगी येणार मंगळवारी. आता मंगळवारचा पाच ते सहाचा तास कोणाचा? पेल्तोलाबाईंचा! ज्यांना मी गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास केलं आणि ज्या वीस वर्षांत जिन्यात माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. आणि माणूस एक वेळ शेजाऱ्याकडे मूत्रपिंड मागेल, सॉनाचा तास मागणार नाही. सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. तीन वेळा जिना उतरून परत चढलो होतो. सगळं ऐकून घेतलं बाईंनी, हाताची घडी घालून. मग म्हणाल्या, “तिसऱ्या वेळी रेल्वे फाटकाशी मी थांबले होते की नव्हते?”

ताई, त्या थांबल्या नव्हत्या. देवाशपथ नव्हत्या! चाक फिरत होतं, मी स्वतः पाहिलं. एकतीस वर्षांत मी परीक्षेबाबत कधी खोटं बोललो नाही, साहेबाच्या मुलालाही सोडलं नाही.

मी म्हटलं, “थांबला होतात.”

“मोठ्याने म्हणा, वरच्या मजल्यावर ऐकू जाऊ दे.”

मोठ्याने म्हटलं. तुझ्यामुळे म्हटलं!

काल पाच ते सहा बसलो आत, तापल्या दगडांवर पाण्यामागून पाणी टाकत, जिना चढताना उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. कोचावर बसलो, सुलोला उजव्या हातावर घेतलं, त्याने डोळे मिटले. त्या दोघी आल्या. हेल्मी कोट न काढता बुटांपाशीच उभी. मी हललो नाही, बोललो नाही. (तुला वाटतं हे सोपं आहे? तू करून बघ.) बऱ्याच वेळाने ती दोन पावलं पुढे आली.

“हा चावतो?”

“नाही.”

“आणि तुम्ही ओरडता?”

“हा झोपलाय तोवर नाही.”

तिने एका बोटाने त्याच्या पाठीला हात लावला. मग माझ्या डाव्या बाजूला चढून बसली. म्हणाली, आजोबा, तुम्ही भट्टीसारखे गरम आहात. आणि टेकली ती टेकलीच. तिचे गाल बाहेरच्या थंडीने बर्फ झालेले होते. दहा मिनिटांत घोरायला लागली. सायलाने कॉफी आणून मुद्दाम माझा हात पोचणार नाही तिथे ठेवली, आमच्याकडे बघितलं, स्वतःचा कोट काढला आणि आत जाऊन तासभर भांडी घासली. घासायला भांडी होतीच किती! दोन तास म्हणाली होती, पावणेदहाला निघाली. पावणेचार तास माझं नाक खाजत होतं, ताई! एका हातावर नख्या, दुसऱ्या खांद्यावर लाळ, आणि तू तिकडे मजेत झोपली असशील.

दारात सायला “बरं, बाबा,” एवढंच म्हणाली. पुन्हा कधी, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. झालं ते झालं. येत्या रविवारी गाडीने ये आणि हे जनावर घेऊन जा.

तुझा धाकटा भाऊ
इल्मारी

ता. क. रविवारी येऊ नकोस. पेल्तोलाबाईंनी मंगळवारचा तास उन्हाळ्यापर्यंत मला देऊन टाकलाय. बदल्यात त्यांना चौथ्यांदा परीक्षेला बसायचंय आणि सराव मी करून घ्यायचाय. वय वर्षं चौऱ्याहत्तर. माझ्यासाठी प्रार्थना कर.

ता. क. २. सायलाला फोन कर आणि ईस्टरला हेल्मीला इकडे पाठवते का विचार. मी विचारायला लावलं असं सांगू नकोस. योन्ना म्हणते, सुलो नऊ वर्षांचा आहे आणि ही जात फार तर दहा-बारा वर्षं काढते. तेव्हा तिला सांग, आता फार दिवस हातात नाहीत. कोणाच्या, असं तिने विचारलं तर फोन ठेवून दे.